शिडीची पारख

गुरांत खुरकुताची साथ आली आणि पारखीचं काम एका दिवसात बंद पडलं.

आसपासच्या दहा-बारा गावांतले लोक त्याला कालवडी बघायला बोलवायचे. घेणाऱ्याला आज समोर उभं असलेलं जनावर दिसतं, पण चार वर्षांनी ते काय होईल हे सांगणारा माणूस हवा असतो. पारखी जनावराभोवती एक फेरी मारायचा, पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडायचा, मागच्या दोन पायांतलं अंतर न्याहाळायचा, आणि मग ते जनावर पाण्यावर जाऊन येईपर्यंत गप्प बसून राहायचा. शेवटी बोलायचा ती दोनच वाक्यं. 'दुसऱ्या वेतात दूध धरेल. घ्या.' नाहीतर 'दिसायला देखणी आहे. नका घेऊ.' वीस वर्षांत त्याचा शब्द फारसा खाली पडला नव्हता, म्हणून त्याचं नावच पारखी पडलं. बायकोसुद्धा शेजारणींशी बोलताना 'आमचे पारखी' म्हणायची. त्यात थोडी चेष्टा असायची. कारण घरच्या सहा गाईंचं शेण कोण काढतं, चारा कोण कापतं, धारा कोण काढतं, याच्याकडे या पारख्याचं लक्ष नसायचं. ते सगळं ती आणि तिची मुलगी बघायच्या.

आता गोठ्यागोठ्यांच्या दारात चुन्याचे पट्टे ओढलेले होते. परक्याला आत पाऊल टाकायची बंदी होती, बाजार बंद होता. घरच्या सहापैकी चार गाईंना लागण झाली. तोंडात फोड आले, खुरांच्या बेचक्यात जखमा झाल्या, लाळेच्या तारा जमिनीला टेकायला लागल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक खूर उचलून औषधाच्या जांभळ्या पाण्यानं धुवायचा, माश्या बसू नयेत म्हणून मलम भरायचं आणि पातळ पेज हातानं भरवायची. मायलेकींचे हात कोपरापर्यंत जांभळे झाले होते. पारखी दारात बसून गाईंकडे बघायचा आणि कुठली आधी बरी होईल ते सांगायचा. त्याचं बरोबरही यायचं. पण त्याचा त्या दोघींना काही उपयोग नव्हता.

मुलगी पंधरा वर्षांची होती. तिला सगळे शिडी म्हणायचे. दोन वर्षांत ती अशी काही वाढली होती की तिला स्वतःच्याच घरात दारातून वाकून जावं लागायचं. शाळेच्या बाकाखाली तिचे पाय मावत नसत, म्हणून मास्तरांनी तिला कडेला बसवलं होतं. खेळाच्या सरांनी मात्र तिच्या हातात बास्केटबॉल दिला. सरांनी तिच्याबद्दल जिल्ह्याच्या निवड केंद्राला तीन पत्रं लिहिली, आणि तिसऱ्या पत्राला उत्तर म्हणून नेमक्या साथीच्या आठवड्यात निवडीच्या बाई आल्या.

बाई पन्नाशीच्या होत्या. एकेकाळी स्वतः खेळलेल्या. उजवा गुडघा नीट वाकत नसल्यामुळे खुर्चीत बसताना पाय लांब करून बसायच्या. त्या तीन दिवस राहणार होत्या, आणि शिडीसारख्या मुली शोधत गावोगाव फिरणं हेच त्यांचं काम होतं. घरी बसून करायला काही नव्हतं, म्हणून पारखी पहिल्यांदाच मुलीचा खेळ बघायला मैदानावर गेला. फाटकाशी औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवलेलं होतं. त्यात पाय बुडवून तो आत शिरला आणि कुंपणाला टेकून उभा राहिला.

पहिल्या दिवशी खेळ झालाच नाही. बाईंनी शिडीला भिंतीला टेकवून उभं केलं आणि पट्टी लावली. मग तिचे हात दोन्ही बाजूंना ताणून टेप धरला. हाताची वीत मोजली, पाऊल मोजलं, मांडीची लांबी मोजली. बोटांना खडू फासून उडी मारायला लावली आणि भिंतीवर उमटलेल्या खुणा मोजल्या. तिला टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, एका पायावर उभं करून डोळे मिटायला सांगितलं. कुंपणाबाहेर जमलेली पोरं हसत होती. कुणीतरी म्हणालं की आता दात पण मोजतील. शिडीनं मान वर केली नाही, फक्त तिचे कान लाल झाले.

पारखीच्या अंगाची लाही झाली. आपल्या मुलीला असं फिरवून-फिरवून बघताहेत, आकडे वहीत उतरवताहेत, हे त्याला सहन होईना. मग बाईंनी गोठा आटोपून मैदानावर आलेल्या त्याच्या बायकोला बाजूला घेऊन मुलीची पाळी कधी सुरू झाली, त्यानंतर उंची किती वाढली, तुमच्या आईची उंची किती होती, असं सगळं विचारलं. बायकोनं कसलाही आडपडदा न ठेवता उत्तरं दिली. पारखी मात्र पुढे झाला.

"जनावर आहे का हो ती?" तो म्हणाला.

बाईंनी टेप गुंडाळला. "नाही," त्या म्हणाल्या. "म्हणूनच मोजून झाल्यावर मी तिला विचारणार आहे, तिला काय वाटतं ते. तुमचा धंदा काय?"

त्यानं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज आपोआप खाली आला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली आणि वही मिटली. घरी जाताना पारखीच्या मनात आलं, की आपण इतक्या गोठ्यांत गेलो, इतक्या जनावरांना बोटं लावली, पण आपल्याच घरात कोण किती वाढलं हे आपल्याला टेपच्या आकड्यावरून कळावं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शाळेचा संघ आला आणि सामना झाला. शिडी पहाटे चार गाईंचे सोळा खूर धुऊन आली होती. सामन्याआधी बाई दुसऱ्या संघाच्या मुलींशी आणि सरांशी काहीतरी कुजबुजल्या. पारखीला ते नंतर कळलं. शिडीला एकटं सोडायचं नाही, दोघींनी चिकटून राहायचं, आणि थोडी ढकलाढकली झाली तरी सरांनी शिट्टी वाजवायची नाही, असं ठरलं होतं.

तो खेळ बघणं बापाला अवघड गेलं. चेंडू हातात आला की दोघी तिच्यावर तुटून पडायच्या. ती दोनदा पडली, एकदा गुडघ्याची सालं निघाली. तिचे पाय जड पडत होते आणि चेंडू फेकताना कोपर बाहेर जात होतं. मध्यंतरापर्यंत तिनं टाकलेला एकही चेंडू रिंगमधून गेला नाही. पारखीला या खेळातलं काही कळत नव्हतं, पण हरणारं माणूस कसं दिसतं ते त्याला कळत होतं. ही आता चिडेल, नाहीतर रडेल, नाहीतर गुडघा धरून बाहेर बसेल. तो वाट बघत राहिला.

त्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा कोरा होता. तसा चेहरा त्यानंही वर्षानुवर्षं ठेवला होता. विकणाऱ्याला अंदाज लागू नये म्हणून पारख करणारा असाच कोरा चेहरा करून बसतो. पण बाईंचे डोळे चेंडूवर नव्हते. चेंडू मैदानाच्या एका टोकाला असायचा आणि बाई दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या शिडीकडे बघत असायच्या. मग पारखीही तिकडेच बघायला लागला.

आणि मग त्याला दिसायला लागलं. शिडी रिकामी उभी नसायची. मान सतत फिरत असायची. कोण दमलंय, कोण कुणीकडे वळणार, कुठली जागा दोन क्षणांनी मोकळी होईल, हे ती आधीच जाणायची आणि तिथे दोन पावलं सरकून थांबायची. धावत मात्र सुटायची नाही. डाव्या कोपऱ्यात पोस्टमनची मुलगी उभी असायची. ठेंगणी, गोलमटोल. तिला संघ पुरा करायला घेतलं होतं आणि तिच्याकडे समोरचं कुणी फिरकत नव्हतं. दोघींच्या वेढ्यातून शिडीनं चेंडू तिच्याकडे फेकला. तिच्या हातून सुटला. पुन्हा फेकला, पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा तर तिच्या तोंडावर आदळला आणि कुंपणाबाहेरची पोरं खो-खो हसली. शिडीच्याच संघातली एक मुलगी ओरडली की हिला कशाला देतेस.

चौथ्यांदा चेंडू हातात आला तेव्हा शिडीनं पुन्हा तिकडेच दिला. पण या वेळी तिनं तो फेकला नाही. जमिनीवर टप्पा देऊन असा अलगद सोडला की तो उसळून पोस्टमनच्या मुलीच्या पोटाशी आपणहून गेला. तिनं तो दोन्ही हातांनी कवटाळला, इकडेतिकडे पाहिलं, आणि आसपास कुणीच नाही म्हटल्यावर वर फेकला. चेंडू बोर्डावर आपटून आत पडला. ती स्वतःच आश्चर्यानं तोंडावर हात ठेवून उभी राहिली. शिडीनं तिच्याकडे बघून नुसती मान हलवली आणि परत आपल्या जागी गेली.

शिडीचा संघ आठ गुणांनी हरला. शिडीच्या नावावर शेवटी चार गुण लागले. पण त्या चौथ्या पासनंतर बाईंनी त्या दिवसात पहिल्यांदा वही उघडून काहीतरी लिहिलं होतं. पारखीनं ते पाहिलं. त्याला कुणालातरी ते सांगावंसं वाटलं. पण शेजारी उभे असलेले लोक आठ गुणांची गोष्ट करत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिडी मैदानावर गेलीच नाही. थोरली गाय रात्रीतून बसली होती आणि उठत नव्हती. बसलेलं जनावर वेळेवर उभं केलं नाही तर ते मग उठतच नाही. मायलेकींनी तिच्या पोटाखालून दुहेरी गोणपाट सरकवलं, त्याला दोर बांधला आणि आढ्यावरून घेतला. शिडी दोराला लोंबकळली, आई मागून शेपटाशी रेटत होती, पारखी दारात उभा राहून डावीकडून, डावीकडून असं सांगत होता.

निवडीच्या बाई वाट बघून बघून घरीच आल्या. दारातल्या घमेल्यात बूट बुडवून त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग पारखीच्या बाजूनं आत गेल्या आणि शिडीच्या हातांच्या वर हात घालून त्यांनी दोर धरला. बाईंचा गुडघा कडकड वाजला. ते बघून पारखीला आपली लाज वाटली. तोही आत शिरला आणि गाईच्या छातीला खांदा लावला. चौथ्या हिसड्याला गाय उभी राहिली. तिचे चारही पाय लटपटत होते. शिडीनं तिच्या मानेवर गाल टेकवला आणि तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत राहिली. पाय स्थिर झाल्यावरच तिनं दोर सैल केला.

मग बाहेर बाजेवर चहा झाला. पारखी म्हणाला, "आता सांगा बाई. मी शेकडो लोकांना सांगितलंय, तेव्हा मला गोड लावून सांगू नका."

बाईंनी पाय लांब केला. "उंची अजून दोन बोटं वाढेल, फार तर तीन," त्या म्हणाल्या. "हात उंचीपेक्षा लांब आहेत, ते चांगलं आहे. पाय जड आहेत. त्यावर काम करता येईल, पण ती कधीच सगळ्यांत चपळ असणार नाही. चेंडू टाकायची सवय साफ चुकीची आहे, कोपर बाहेर जातं. ती मोडून नवी लावायला दोन वर्षं जातील, आणि त्या दोन वर्षांत ती आजच्यापेक्षा वाईट खेळेल. बऱ्याच मुली तिथेच सोडून जातात. पाठ जपावी लागेल, वयाच्या मानानं वजनं फार उचललीत तिनं."

"आणि होईल काय तिचं?"

"ते मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू? पण मी पंचवीस वर्षं मुली बघतेय. तीनदा चुकलेलीला चौथ्यांदा चेंडू देणारी, आणि देताना आपली फेक बदलून देणारी, मला आत्तापर्यंत दोनच भेटल्या. हे शिकवता येत नाही. बाकीचं सगळं मी शिकवू शकते."

 पारखीनं कपातल्या चहाकडे बघत मान हलवली.

बाईंनी मग शिडीलाच विचारलं, तुला काय वाटतं. शिडीनं बराच वेळ हातावरचा जांभळा रंग नखानं खरवडला. "त्या दोन वर्षांत मला खेळवाल का बसवून ठेवाल?"

"पहिलं वर्ष बसवीन."

"बसून दिसतं तर सगळं," शिडी म्हणाली. "येईन मी. पण गाई बऱ्या झाल्यावर. तीन आठवड्यांनी."

बाईंनी नकार दिला. निवड केंद्राचं वसतिगृह त्या दिवसापासून दहाव्या दिवशी सुरू होत होतं. त्या दिवशी जी येणार नाही तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जायची. असं एकीसाठी वाकवलं तर सगळ्यांसाठी वाकवावं लागतं, असं त्या म्हणाल्या. म्हणताना त्यांना बरं वाटत नव्हतं ते दिसत होतं. शिडी गोठ्याकडे बघत राहिली. एकटी आई चार आजारी गाईंना पुरी पडणार नव्हती, हे तिथल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"मी करीन," पारखी म्हणाला.

बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो ओशाळला. "तुम्ही?" ती म्हणाली. मग हसू आवरत बाईंना म्हणाली, "दहाव्या दिवशी पोहोचेल ती. यांचं काय करायचं ते आम्ही दोघी बघतो."

त्याच संध्याकाळी शिडीनं बापाला शिकवायला घेतलं. वीस वर्षं गाईंचं भविष्य सांगणाऱ्या माणसाला गाईचा खूर कसा उचलायचा ते ठाऊक नव्हतं. तो पुढून गेला, गायीनं त्याला शिंगानं बाजूला सारलं. तो मागून गेला, लाथ बसली आणि तो शेणात बसला. आई दाराआड जाऊन हसली. शिडी हसली नाही. तिनं त्याला उठवलं आणि सांगितलं की आधी खांदा टेकवा, तिचं वजन दुसऱ्या पायावर जाईपर्यंत थांबा, मग खूर मागू नका, नुसता हात खाली न्या, ती स्वतःच देईल.

"कळणार कसं, वजन कधी गेलं ते?"

"खांद्याला कळतं, बाबा. डोळ्यांनी नाही कळत."

शिकवणीच्या तिसऱ्या दिवशी धाकट्या गायीनं त्याला खूर दिला. पाचव्या दिवशी जखमेतले किडे काढताना त्याला ओकारी आली. तो बाहेर गेला, चूळ भरली आणि परत आला. पेज भरवताना त्याची बोटं चावली गेली. रात्री अंग ठेचल्यासारखं दुखायचं. बायको पाठीला तेल लावून द्यायची. या दिवसांत तो मुलीला रोज जवळून बघत होता. ती कुठल्याच जनावरावर ओरडायची नाही. एखादी गाय हट्टाला पेटली की ती स्वतःच उभं राहायची जागा बदलायची. हे सगळं इतकी वर्षं आपल्या दारातून दिसत असणार आणि आपण दुसऱ्यांच्या गोठ्यांत बघत हिंडलो, याचं त्याला वाईट वाटलं. पण ते फार वेळ टिकायचं नाही, कारण पुढची गाय थांबलेली असायची.

नवव्या दिवशी त्यानं एकट्यानं सोळाही खूर धुतले. शिडी भिंतीला टेकून बघत होती. झाल्यावर त्यानं पाठ धरत विचारलं, "काय मत?"

तिनं खरंच विचार केला. "हात जड आहेत," ती म्हणाली. "घाई करता. पण गाई तुम्हाला घाबरत नाहीत. महिनाभरात येईल तुम्हाला."

आयुष्यात कुणी केलेली एवढी स्तुती त्याला आठवेना.

दहाव्या दिवशी शिडी गेली. महिनाभरात चारही गाई चारा खायला लागल्या, थोरलीचं दूध मात्र अर्ध्यावर आलं. बाजार उघडला, पारखीला पुन्हा बोलावणी यायला लागली. तो जायचा, पण सकाळचा गोठा आटोपल्याशिवाय निघायचा नाही, आणि लोक म्हणायचे की हल्ली पारखी फेऱ्या जास्त मारतो आणि जनावराच्या मालकिणीशीच जास्त बोलतो.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात शिडीच्या संघाचा मोठा सामना होता. दोघांनी एकदम जाणं शक्य नव्हतं. बायको म्हणाली तुम्ही जा, तुम्हाला बघता येतं. तो दोन गाड्या बदलून गेला आणि दुसऱ्या दिवशी धारांच्या वेळेला परत आला. बायको पहिल्या गाईखाली बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "खेळवलं का?"

"चार मिनिटं," तो म्हणाला, आणि दुसरी बादली घेऊन शेजारच्या गाईखाली बसला. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. शिडी आता त्याच्याहून वीतभर उंच दिसते. बसलेली असताना ती एक क्षण डोळे हलवत नाही. शेजारच्या मुलीच्या कानात काहीतरी सांगते, ती मुलगी आत जाते आणि नेमकं तेच करते. बाईंनी तिला शेवटी आत पाठवलं तेव्हा तिनं चेंडूला हात न लावता दोघींना असं बाजूला खेचलं की तिसरी मोकळी झाली. मग तिनं एक चेंडू पाठीमागून दिला, न बघता, आणि तो जिथे जायचा तिथेच गेला, सगळे लोक उठून उभे राहिले. एरवी दोन वाक्यांत आटोपणारा माणूस, दोन गाई झाल्या तरी त्याचं दुसरं मिनिट चालू होतं.

सहावी गाय होईपर्यंत बायको ऐकत राहिली. मग बादली उचलत म्हणाली, "आणि चुकलं काय काय, ते राहिलं की."

"दोन चेंडू टाकले. दोन्ही चुकले," पारखी म्हणाला. "एक तर रिंगलासुद्धा लागला नाही."

तिनं बादली खाली ठेवली आणि परत बसली. "बरं, तेही सांगा," ती म्हणाली. "सावकाश सांगा. कोपर कसं होतं?"